भिंतीवरचे दोन तक्ते

पहिलीच्या वर्गाच्या भिंतीवर हल्ली दोन तक्ते शेजारी शेजारी टांगलेले असतात. डावीकडं मराठी वर्णमाला, उजवीकडं इंग्रजी अक्षरं. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हापासून जिल्हा परिषदेच्या शाळांतही ही जोडी दिसते. दोन्ही तक्ते मुलांकडून रोज मोठ्यानं म्हणून घेतले जातात, पण त्यांच्यातल्या फरकाबद्दल वर्गात क्वचितच कोणी बोलतं. मला तो फरक फार मोलाचा वाटतो. उच्चार शिकवण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती त्या दोन कागदांवर उतरल्या आहेत. डावीकडची रचना तर इतकी बांधीव आहे, की तिचं रसग्रहण कवितेसारखं ओळ धरूनच करावं.

त्यासाठी मी मनाशी वर्ग धरला आहे तो यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातला. नागपूर-तुळजापूर रस्त्यावरचा हा तालुका. एका अंगाला पुसद, दुसऱ्या अंगाला उमरखेड, आणि पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. गावात वऱ्हाडी, तांड्यावर बंजाऱ्यांची गोरबोली, काही घरांत उर्दू. तीन घरांतली तीन मुलं एका सतरंजीवर बसतात आणि तिघांनाही एकच पाठ मिळतो: म्हणा माझ्यामागं. तिघांच्या तोंडून निघतं ते मात्र तीन तऱ्हेचं. जिल्ह्याच्या नावाच्या शेवटी ळ आहे. तालुक्यातल्या एका गावाचं नाव काळी दौलतखान, म्हणजे तिथंही ळ. आणि वऱ्हाडी घरातल्या मुलाच्या तोंडी हा ळ नसतोच. डोळ्याला तो डोया म्हणतो, शाळेला शाया, कोळशाला कोयसा. उच्चार शिकवण्याच्या कोणत्याही पद्धतीचा कस लागतो तो अशा वर्गात.

आधी डावीकडचा तक्ता. फक्त ओळींचे पहिले वर्ण घ्या आणि सावकाश म्हणा: क, च, ट, त, प. म्हणताना लक्ष जिभेकडं ठेवा. क ला जिभेचा मागचा भाग उचलून मऊ टाळूला लागतो. च ला जिभेचं पातं कठीण टाळूला भिडतं. ट ला टोक वर वळून टाळूच्या घुमटाला टेकतं, त ला तेच टोक दातांच्या मागं येतं आणि प ला जिभेला कामच उरत नाही, नुसते ओठ मिटतात. घशाजवळून निघालेला आवाज एकेक मुक्काम करत ओठांवर पोहोचला. पाच ओळींत तोंडाचा आतून बाहेरचा सगळा रस्ता चालून झाला. जगातल्या बहुतेक लिप्यांत अक्षरांचा क्रम हा रूढीनं चालत आलेला असतो, त्यामागं आवाजाचं कारण सापडत नाही. इथं क्रम हाच अर्थ आहे.

आता आडवं वाचा. क, ख, ग, घ, ङ. जीभ एकाच जागी आहे, बदलतं ते दुसरंच काही. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी फाडून ओठांसमोर धरा आणि प म्हणा. पट्टी जेमतेम हलते. फळातला फ म्हणा, दोन्ही ओठ मिटून. पट्टी उडते. मग गळ्यावर दोन बोटं ठेवून क् आणि ग् म्हणा, मागचा अ न जोडता. ग् ला बोटांखाली थरथर जाणवते, क् ला नाही. चौथ्या वर्णाला थरथरही आहे आणि श्वासही. पाचव्याला वारा नाकातून जातो. खात्री हवी असेल तर नाक चिमटीत धरून म म म म्हणायला सांगा. आवाज अडतो, मुलं हसतात, आणि अनुनासिक म्हणजे काय हे व्याख्येशिवाय कळतं. पाच जागा आणि पाच तऱ्हा एवढ्या दहा गोष्टी कळल्या की पंचवीस वर्ण हाती येतात. इतकी काटकसर मला दुसऱ्या कुठल्या पाठात दिसलेली नाही.

पंचविसाव्या वर्णाशी ही रचना थांबत नाही. पुढं य, र, ल, व येतात आणि तोच रस्ता पुन्हा चालतात: टाळू, मूर्धा म्हणजे टाळूचा घुमट, दात, ओठ. मग श, ष, स. पुन्हा टाळू, मूर्धा, दात. कवितेत ध्रुपद फिरून यावं तसा हा क्रम फिरून येतो, दर वेळी नव्या रीतीनं. वेदांच्या उच्चाराचे नियम सांगणारी प्रातिशाख्यं आणि शिक्षाग्रंथ लिहिणाऱ्यांनी ही मांडणी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तोंडातल्या तोंडात तपासून पक्की केली. व्हिटनी या अमेरिकन पंडितानं तैत्तिरीय प्रातिशाख्य भाषांतरासह १८७१ मध्ये छापलं. पॅरिसमध्ये १८८६ साली जी ध्वनिशास्त्र संघटना उभी राहिली, तिच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या तक्त्यातही जागा एका अक्षावर आणि तऱ्हा दुसऱ्या अक्षावर, असंच आहे. फरक एवढाच, की तो ओठांपासून सुरू होऊन घशाकडं जातो आणि आपला घशापासून ओठांकडं. डब्ल्यू. एस. ॲलन यांनी १९५३ मध्ये प्राचीन भारतातल्या ध्वनिशास्त्रावर अख्खं पुस्तक लिहिलं. हे सगळं अभिमानानं सांगावं असं आहेच, पण मला त्याहून जवळची वाटते ती या मांडणीची वर्गातली उपयुक्तता, आणि नेमकी तीच आपण वापरत नाही.

कारण तक्ता आपण चित्रांसाठी वापरतो. ग गणपतीचा, ण बाणाचा, ळ बाळाचा. चित्र अक्षराचा आकार लक्षात ठेवायला मदत करतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकदा गणपती आला, की ग आणि घ शेजारी का आहेत, हे विचारायला जागा उरत नाही. शिवाय ङ आणि ञ यांना चित्र मिळत नाही, म्हणून मुलं ती दोन घरं घाईनं ओलांडतात. वास्तविक ही पाचवी घरं म्हणजे तक्त्यातला सगळ्यात सुंदर भाग. शंख, मंच, घंटा, संत, अंबा हे पाच शब्द म्हणून पाहा. लिहिताना पाचांवर एकच टिंब. म्हणताना मात्र ते टिंब पुढच्या वर्णाच्या घरात जाऊन त्याच ओळीचा पाचवा वर्ण होतं. शंखात ङ, मंचात ञ, घंटेत ण, संतात न, अंबेत म. कोणी शिकवलेलं नसताना प्रत्येक मूल हे बिनचूक करतं.

इथं महागावच्या वर्गातली एक गाठ सुटते. वऱ्हाडी मूल पाण्याला पानी म्हणतं, आणि त्याला ण येत नाही असं समजून त्याच्याकडून शंभरदा ‘पाणी’ म्हणून घेतलं जातं. त्याला घंटा म्हणायला सांगा. म्हणतं. अंडं म्हणतं, खंडोबा म्हणतं, पंढरपूर म्हणतं. म्हणजे ण त्याच्या तोंडात जन्मापासून आहे, फक्त ट-ठ-ड-ढच्या सोबतीशिवाय तो बाहेर पडत नाही. मग युक्ती सोपी. घंटा म्हणायला लावायचं आणि ट येण्याआधी थांबवायचं: घण्... जीभ तिथंच राहू दे, आवाज नाकातून चालू दे. घण्ण्ण्. आता ट ऐवजी आ सोड. घणा. मग पाणा, पाणी. काही मिनिटांत मुलाला स्वतःचाच आवाज नव्यानं सापडतो. त्याच्याजवळ नसलेलं काही त्याला दिलं नाही, त्याचंच त्याला दाखवलं. उच्चार शिकवण्याच्या सगळ्या रीतींत मला ही रीत सर्वांत आवडते, कारण तिच्यात मुलाचा मान राखला जातो.

ळ चं काम जरा अवघड आहे. अनुस्वारात लपलेला ण सापडला तसा ळ कुठं लपलेला नसतो, तो घडवावाच लागतो. तक्त्यात तो ह च्या नंतर, अगदी कडेला येतो. अभिजात संस्कृतच्या वर्णक्रमात त्याला घर नव्हतं, मराठीनं तो शेवटी बसवला. म्हणून तक्ता पाठ म्हणणाऱ्याला ळ चा स्वभाव कळत नाही. त्याचं खरं घर ट च्या ओळीत आहे आणि तऱ्हा ल ची. आधी ड ड ड म्हणायचं, म्हणजे जिभेचं टोक वर वळून आपली जागा शोधतं. मग टोक तिथंच ठेवून ल चा वारा दोन्ही बाजूंनी जाऊ द्यायचा आणि टोक पुढं फेकायचं. आरशाचा इथं उपयोग नाही, जीभ आत वळलेली असल्यानं दिसत नाही. म्हणून हात वापरायचा: डावा तळहात छतासारखा पालथा म्हणजे टाळू, उजव्या हाताची बोटं म्हणजे जीभ. बोटांची टोकं वर वळवून तळहाताला लावायची आणि झटक्यानं पुढं टाकायची. मुलं हाताबरोबर जीभही हलवतात. पहिल्यांदा निघतो तो ड, मग ल, आणि मग एखाद्या क्षणी, बहुधा मुलाला स्वतःलाच नवल वाटावं अशा वेळी, ळ.

आता सोबत बसलेल्या तांड्यावरच्या मुलाकडं पाहा. गोरबोली राजस्थानी घराण्यातली. तिच्यात ळ आहे, काळ्या रंगाला ती काळो म्हणते. ज्याच्या मराठीला वर्गात अनेकदा नावं ठेवली जातात, त्याच्या तोंडी हा वर्ण घरूनच आलेला असतो. शिक्षकाला हे ठाऊक असेल तर ळ चा पाठ त्या मुलाला पुढं उभं करून घेता येतो. वर्गातल्या सगळ्यांनी त्याच्या मागून म्हणावं. त्या एका तासानं त्याला शाळेबद्दल जे वाटेल ते दुसऱ्या कशानं वाटणार नाही.

तक्त्याखेरीज आणखी एक रीत आहे, जोड्यांची. एकाच वर्णाचा फरक असलेले दोन शब्द समोर ठेवायचे आणि आधी ऐकायला, मग म्हणायला लावायचे. मिशिगन विद्यापीठात चार्ल्स फ्राइझ यांनी १९४० च्या दशकात ही दिशा पक्की केली. शिकणाऱ्याची भाषा आणि शिकायची भाषा आधी शेजारी ठेवून पाहा, कुठं घसरण होणार ते ओळखा आणि पाठ तिथं बांधा, हा त्यांच्या १९४५ च्या पुस्तकाचा गाभा. आपल्याकडं पुस्तकी जोडी ठरलेली आहे: वेल आणि वेळ. उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलीला ती बरोबर लागू पडते, कारण ती ळ च्या जागी ल म्हणते. पण वऱ्हाडी मूल ळ च्या जागी ल म्हणतच नाही, य म्हणतं. त्याच्यापुढं वेल-वेळ ठेवून उपयोग काय? त्याला हवी काय आणि काळ ही जोडी. माया आणि माळा, साय आणि साळ. शेतात सोयाबीन असलेल्या घरातल्या मुलाला तर सोया आणि सोळा. आणि गोरबोलीच्या मुलाला या वर्णासाठी यांतली एकही जोडी नको, त्याचा वेळ दुसऱ्या कशावर तरी खर्च व्हावा. एका वर्णासाठी एका वर्गात दोन याद्या लागतात आणि तिसऱ्याला यादी लागतच नाही. जोड्यांची रीत छापील पुस्तकातून उचलली की निम्मी वाया जाते ती यामुळं. शिक्षकानं आधी ऐकलं पाहिजे, मुलांची पाळी नंतर.

जोड्यांचं सामर्थ्य एका ठिकाणी तक्त्याच्याही पुढं जातं. मराठीत च आणि ज यांचे दोन दोन उच्चार आहेत, पण लिपीत अक्षर एकच. चार म्हणताना जीभ टाळूला, चारा म्हणताना दातांकडं. जग म्हणजे विश्व आणि जग म्हणजे जिवंत राहा, लिहिताना दोन्ही सारखेच, म्हणताना वेगळे. इतका काटेकोर तक्ता इथं गप्प बसतो. मराठी घरातल्या मुलाला हा फरक आईच्या बोलण्यातून मिळतो, पण ज्याची मराठी शाळेत सुरू होते, त्याला तो ऐकवल्याशिवाय मिळणार नाही. चार म्हशी, चारा टाका. एकापाठोपाठ दोन वाक्यं, आणि मुलानं कोणत्या च ला टाळी वाजवायची ते आधी ठरवून द्यायचं. नुसतं ऐकून टाळी, तोंडानं काही म्हणायचं नाही. कान तयार होण्याआधी तोंडाला जुंपलं तर मूल अंदाजानं म्हणतं, आणि अंदाजाची सवय मोडायला फार वेळ जातो.

सामूहिक म्हणण्याबद्दल थोडं. पावकी-निमकीपासून कवितेपर्यंत आपल्या शाळा समूहस्वरावर उभ्या राहिल्या. लाजरं मूल त्या आवाजात निर्धास्त असतं, ही त्यातली मोठी गोष्ट. चुकीचा उच्चारही तिथं तितकाच निर्धास्त राहतो, ही अडचण. पण या रीतीचा एक थोर नमुना आपल्याकडं आहे आणि तो वर्गात कोणी आणत नाही. वेदपाठाच्या परंपरेत मजकूर सलग म्हणतातच, शिवाय पदपाठात शब्द सुटे म्हणतात, क्रमपाठात जोडीजोडीनं, आणि जटा व घन या पाठांत उलटेसुलटे गुंफून. घनपाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, आणि पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा अशी वीण असते. युनेस्कोनं या परंपरेला २००३ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं. मला तिच्यात दिसतो तो पुनरावृत्तीचा विचार. एकच शब्द वीसदा म्हटला की तोंड चालतं आणि लक्ष उडतं. इथं शब्द तोच राहतो, शेजारी बदलतो, त्यामुळं प्रत्येक वेळी जीभ नव्या वाटेनं त्या वर्णापाशी येते. महागावच्या वर्गासाठी तीन शब्द घेऊ: काळी, माळ, गळ्यात. काळी माळ, माळ काळी, काळी माळ गळ्यात, गळ्यात माळ काळी, काळी माळ गळ्यात. मुलांना याची लय चटकन लागते. ही विद्या शतकानुशतकं थोड्या घरांपुरतीच राहिली, वाड्या-वस्त्यांवरच्या आणि तांड्यांवरच्या मुलांच्या कानावर ती पडूच दिली गेली नाही. ती आता जिल्हा परिषदेच्या वर्गात, सगळ्यांच्या तोंडी असावी, असं मला मनापासून वाटतं.

उजवीकडच्या तक्त्याकडं वळू. इंग्रजी अक्षरांच्या क्रमात तोंडाचा रस्ता शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. अक्षराचं नाव आणि त्याचा आवाजही वेगळा. ज्याचं नाव एच, त्याचा आवाज ह, आणि नावात ह चा पत्ता नाही. ही अडचण ओळखून ब्रिटनमध्ये फोनिक्सच्या पद्धती आल्या. त्यांतली जॉली फोनिक्स ही १९९२ ची. ती अक्षरांची नावं बाजूला ठेवते आणि बेचाळीस आवाज शिकवते. तिचा क्रमही वाचण्याजोगा आहे. पहिले सहा आवाज: स्, ॲ, ट्, इ, प्, न्. हे का? एवढ्या सहा आवाजांतून सॅट, पिन, टॅप, सिट, नॅप असे कितीतरी शब्द लगेच जुळतात. आपल्या तक्त्याचा क्रम तोंडाला धरून आहे, हा क्रम शब्दाला धरून. दोन्हींमागं विचार आहे आणि दोन्हींना दाद द्यावी लागते. मूल दुसऱ्या आठवड्यातच काहीतरी वाचू लागतं, हा आनंद मोठा आहे.

पण ही पद्धत रचली गेली ती इंग्रजी कानावर असलेल्या मुलांसाठी. तिथलं मूल प्, ॲ, ट् जोडतं आणि जुळलेला शब्द त्याला आधीपासून ओळखीचा असतो, म्हणून आवाज चुकला तर त्याचं तेच सावरतं. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीच्या किंवा गुंजच्या मुलासमोर तो शब्द पहिल्यांदाच येतो, मग सावरणार कशाच्या आधारानं? म्हणून इथं वस्तू आधी, शब्द नंतर, आणि आवाज त्यानंतर, असा क्रम उलटवावा लागतो. दुसरी अडचण आपल्या लिपीच्या सवयीतली. आपल्या प्रत्येक व्यंजनात अ बसलेला असतो, त्यामुळं बॅट जोडताना ब, ॲ, ट असे तीन अख्खे वर्ण म्हटले जातात आणि जुळतं ते बअॅट असं काहीतरी. यावरचा उपाय डावीकडच्या तक्त्याजवळच आहे. पाय मोडलेला क् मुलाला ठाऊक असतो. ब् म्हण, पाय मोडून, एवढं सांगितलं की पुरतं. आणि ॲ, ऑ हे दोन स्वर तर शासनाच्या २००९ च्या निर्णयानं मराठी वर्णमालेच्या स्वरांच्या ओळीतच बसले आहेत. बॅट आणि बेट, कॉट आणि काट या जोड्या मराठी अक्षरांतच दाखवता येतात.

अशा रीतीनं उजवा तक्ता डाव्याच्या मदतीनं वाचायला लागलं की बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. इंग्रजी एफ चा आवाज कुठं? फळातल्या फ च्या आणि त च्या मधल्या घरात: वरचे दात खालच्या ओठावर. आरसा इथं उपयोगी. व्ही आणि डब्ल्यू यांना आपण एकच व देतो, म्हणून बनियनसाठीचा वेस्ट आणि पश्चिमेचा वेस्ट सारखेच ऐकू येतात. पहिल्याला दात ओठावर, दुसऱ्याला ओठ गोल आणि दात लांब. इंग्रजी टी ची जागा आपल्या ट आणि त यांच्या मधोमध, वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर. थिंक मधला थ आपल्या थाळीतल्या थ सारखा अडत नाही, वारा जिभेवरून घासत जातो. आणि शब्दाच्या सुरुवातीच्या पी, टी, के मध्ये थोडा श्वास असतो. मघाची कागदाची पट्टी पुन्हा काढा. इंग्लंडमधल्या मुलाला हा श्वास वेगळा ऐकूही येत नाही, त्याच्या लिपीत त्याला अक्षर नाही. आपल्या मुलाला प आणि फ, त आणि थ यांच्यामुळं तो चटकन कळतो. ज्या मुलाला इंग्रजीत कच्चं समजतात, त्याच्या कानाला एवढी बारीक गोष्ट फुकट मिळालेली असते.

मात्र सुट्या आवाजांपाशी थांबून चालत नाही. हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतल्या आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी परक्यांना कितपत समजतं याचा अभ्यास केला, तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्दातला जोर चुकीच्या जागी पडणं हे त्यांनी नोंदवलेल्या कारणांतलं महत्त्वाचं कारण. मराठीत जोर हलका असतो, सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनानं येतात. इंग्रजीत एका अक्षरावर भार आणि बाकीची दबलेली. फोटोग्राफ मध्ये भार पहिल्यावर, फोटॉग्रफर मध्ये दुसऱ्यावर. हे तक्त्यावर लिहून दाखवता येत नाही. टाळीनं येतं: भाराच्या अक्षराला टाळी, बाकीची नुसत्या बोटांनी. ओवी आणि भजनाच्या ठेक्यावर वाढलेल्या मुलांना ठेका शिकवावा लागत नाही, तो कुठं पडतो एवढंच सांगावं लागतं. ट्रेसी डरविंग आणि मरे मन्रो यांच्या १९९५ पासूनच्या अभ्यासांनी आणखी एक गोष्ट दाखवली: ढंग वेगळा असणं आणि बोलणं न समजणं या दोन निराळ्या बाबी आहेत. माणूस स्वतःच्या ढंगात बोलूनही पूर्ण समजू शकतो. वऱ्हाडी ढंगातलं इंग्रजी हे काही दुरुस्त करायचं दुखणं नाही. दुरुस्त करायचं ते तेवढंच, ज्यानं समोरच्याचा अर्थ चुकतो.

हीच कसोटी मराठीलाही लावायला हवी. डोया म्हणणारं मूल चुकत नसतं, ते वऱ्हाडी बोलत असतं. उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली याच बोलीच्या बळावर उभी राहिली. शाळेनं ळ द्यावा तो दुसरा आवाज म्हणून, पहिला हिसकावून घेऊन नको. घरी आजीशी डोया, पुस्तकात डोळा, आणि कोणता कधी हे मुलाला ठरवता यावं. शिकवताना शिक्षकाच्या तोंडी ‘अशुद्ध’ हा शब्द आला की मूल गप्प होतं, आणि गप्प मुलाला कोणतीच पद्धत उच्चार शिकवू शकत नाही.

मोबाइलबद्दल विचारलं जातं. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, आवाज ऐकता येतात, शिक्षकाला स्वतःच्या इंग्रजीची खात्री नसेल तर तो आधार चांगला आहे. मूल पुन्हा पुन्हा ऐकू शकतं, कोणी कंटाळत नाही. पण त्या आवाजाला मुलाची जीभ कुठं अडली ते दिसत नाही, आणि घंटेपासून पाण्यापर्यंतचा रस्ता तो सुचवू शकत नाही. तो रस्ता समोर बसून, मूल काय म्हणतं ते ऐकूनच सुचतो.

म्हणून दोन्ही तक्ते भिंतीवर राहू देत, पण आकारिक मूल्यमापनाच्या वहीत, तोंडी कामाच्या नोंदीत, थोडा बदल व्हावा अशी माझी शिक्षकांना विनंती आहे. ‘उच्चारात सुधारणा आवश्यक’ या नोंदीवरून पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी जागा आणि तऱ्हा लिहावी: ण, ट च्या सोबतीनं येतो, स्वरांमध्ये अजून नाही. ळ, सुटा जमला, शब्दात य होतो, काय-काळ घ्यावे. घरी गोरबोली, ळ उत्तम, वर्गात पुढं म्हणायला घ्यावं. व्ही आणि डब्ल्यू, आरशात बरोबर, बोलताना एक. टाळी फोटॉग्रफर मध्ये बरोबर पडली. अशी नोंद करायला तक्ता तोंडाच्या नकाशासारखा वाचता यावा लागतो, आणि ते शिकायला शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गातली एक दुपार पुरे.